जुन्या गाडीत आयपॉड वाजवायचाय? आधी डेकची पाठ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००९ची वॅगन-आर, त्यात नंतर बाजारातून बसवलेला एक-डिनचा (एका पट्टीच्या उंचीचा) सीडी डेक. पुढच्या पट्टीवर ऑक्स, म्हणजे बाहेरचं यंत्र तारेने जोडायचं भोक नाही, यूएसबी नाही, ब्लूटूथ तर नाहीच. हाताशी वडिलांचा १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आणि त्यात नाट्यसंगीत, भजनं, घरगुती मैफलींची रेकॉर्डिंग्ज. महिन्यातून एकदा पुणे–कोल्हापूर होतं. लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर घेतला, तो पुण्यात बरा चालतो, पण खंबाटकीचा घाट चढायला लागलं की खरखर. दुकानदार टचस्क्रीन बसवा म्हणतोय. गाडी अजून दोन-तीन वर्षंच ठेवायची आहे, तर काय करावं?

टचस्क्रीन नको, आणि ट्रान्समीटर लगेच कपाटात टाकायचीही गरज नाही. आयपॉडमधून निघणारा आवाज चांगलाच असतो. तो बिघडतो आयपॉडपासून डेकपर्यंतच्या वाटेत. ही वाट जितकी छोटी आणि तारेची, तितकं काम सोपं. तुमच्या डेकला अशी वाट बहुधा आहे, फक्त ती पुढून दिसत नाही.

त्याआधी खंबाटकीचं कोडं सोडवू, कारण नवा डेक बसेपर्यंत तुम्हाला ट्रान्समीटरवरच भागवायचंय. हा ट्रान्समीटर म्हणजे अगदी कमी ताकदीचं रेडिओ केंद्र. तो गाडीच्या आत, पत्र्याच्या खोक्यात बसून बोलतो आणि त्याचं ऐकणारा अँटेना छतावर, बाहेर. शहरात तुम्ही रिकामी फ्रिक्वेन्सी शोधून ठेवलेली असते, म्हणून चालून जातं. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. उंचावर गेलात की डोंगराआड असलेली लांबची केंद्रं अचानक नजरेच्या टप्प्यात येतात आणि तुमची रिकामी जागा रिकामी उरत नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन केंद्रं आली की एफएम रिसीव्हर ताकदवान असलेलं धरतो आणि दुसरं दाबून टाकतो. दोघांची ताकद जवळजवळ सारखी झाली की तो क्षणाक्षणाला पक्ष बदलतो, आणि तीच तुमची खरखर. परत येताना बोगद्यात शिरल्यावर हीच खरखर गायब होते का बघा. बाहेरचं रेडिओ केंद्र आत पोहोचत नाही, त्यामुळे तिथे तुमचा ट्रान्समीटर राजा असतो.

म्हणून एकच फ्रिक्वेन्सी धरून बसू नका. पुण्यात आकाशवाणी १०१ वर आहे, कोल्हापुरात १०२.७ वर, आणि कोल्हापूर जवळ आलं की ९४.३ वर टोमॅटो एफएम जोरात येतो. म्हणजे पुण्याची मोकळी जागा कोल्हापुरात मोकळी असेलच असं नाही. दोन-तीन जागा शोधून डेकच्या प्रीसेटमध्ये आणि ट्रान्समीटरमध्येही आधीच भरून ठेवा. शोधताना नेमक्या आकड्यावरच नव्हे, त्याच्या दोन्ही बाजूंना ०.२ मेगाहर्ट्झवरही शांतता आहे ना ते ऐका.

आणखी एक उपाय आहे, तो दुकानात कुणी सांगत नाही. छतावरच्या अँटेनाची काडी फिरवून काढता येत असेल तर काढून ठेवा. बाहेरची केंद्रं क्षीण होतात, आतला ट्रान्समीटर मात्र जवळच असल्यामुळे टिकून राहतो. काडीच्या खालचा स्क्रू तेवढा सांभाळा आणि पावसाळ्यात भोकात पाणी जाऊ नये म्हणून रबरी टोपी बसवा. डेकच्या मेनूत एफएमसाठी ‘मोनो’ असेल तर तेही चालू करून बघा. स्टिरिओ एफएमपेक्षा मोनोत सूं-सूं बरीच कमी असते, आणि तुमच्या संग्रहातली निम्मी गाणी बहुधा मुळातच मोनो असतील. बालगंधर्वांच्या काळातल्या तबकड्यांवरून आलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आठ-दहा किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच. एफएमची मर्यादा १५ किलोहर्ट्झची. तेव्हा त्या गाण्यांचं ट्रान्समीटरमुळे काही बिघडत नाही, बिघडवते ती खरखर. अलीकडच्या मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुऱ्याचा झंकार आणि तबल्याची चाट मात्र नक्की मार खाते.

ट्रान्समीटरला जोडलेल्या आयपॉडचा आवाज पूर्ण ठेवू नका. साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचा डेकवरून वाढवा. आयपॉड फुल्ल ठेवला की ट्रान्समीटरच फाटतो आणि आपण दोष स्पीकरला देतो.

आता मुख्य काम. डेक बाहेर काढा.

बाजारातून बसवलेला एक-डिन डेक म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटरचा डबा, पत्र्याच्या पिंजऱ्यात सरकवलेला. कडेची प्लास्टिकची चौकट काढली की दोन्ही बाजूंना फटी दिसतात. त्यात डेकसोबत आलेल्या दोन पट्ट्या किंवा चाव्या घालून दोन्ही एकदम दाबल्या की डेक पुढे सरकतो. चाव्या हरवल्या असतील तर कुठलाही ॲक्सेसरीवाला दोन मिनिटांत काढून देतो. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, डॅशचं प्लास्टिक आता पंधरा वर्षांहून जुनं झालंय. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. वीज तुटल्यावर डेक कोड मागणारा असेल तर तो कोड हाताशी आहे ना तेही त्याआधी बघा.

मागच्या बाजूला तुम्हाला वायरिंगचा कपलर, अँटेनाची जाड पिन आणि बहुतेक लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटच्या एक-दोन जोड्या दिसतील. इथे नीट वाचा. ‘प्रीआउट’, ‘रिअर आउट’ किंवा ‘सबवूफर आउट’ लिहिलं असेल तर तिथून आवाज बाहेर पडतो, ॲम्प्लिफायरकडे जायला. आपल्याला हवं ते ‘ऑक्स इन’ किंवा ‘बस ऑडिओ इन’. दोन्ही सॉकेटं दिसायला अगदी सारखी असतात, त्यामुळे आउटमध्ये आयपॉड जोडून ‘डेकला ऑक्स नाही’ असा निष्कर्ष काढणारे फिटर भरपूर भेटतात. त्या काळच्या बऱ्याच सोनी डेकना मागे असं इनपुट असायचं. पायोनियरच्या डेकना निळ्या रंगाचं आयपी-बसचं सॉकेट असायचं. ते मूळचं डिकीतल्या सीडी चेंजरसाठी, पण त्याला आरसीए जोडायचा अडॅप्टर मिळतो. नवा नाही मिळाला तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात चौकशी करा.

इनपुट सापडलं तर आरसीए ते ३.५ मिलिमीटरची केबल घ्या, मागून ओढून ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा गिअरपाशी काढा, आणि काम झालं. तरीही सोर्सचं बटण दाबल्यावर ऑक्स दिसत नसेल तर घाबरू नका. अनेक डेकमध्ये ऑक्स मेनूतून बंद ठेवलेलं असतं. डेक बंद करून सोर्सचं बटण दाबून धरलं की सुरुवातीच्या सेटिंगचा मेनू येतो, त्यात ऑक्स ‘ऑन’ करावं लागतं. पायोनियरमध्ये हे हमखास.

मागे काहीच नसेल तर डेक बदला. ऑक्स, यूएसबी आणि ब्लूटूथ तिन्ही असलेला साधा एक-डिन डेक दोन ते चार हजारांच्या आसपास येतो. हे पैसे तुम्ही नाहीतरी दोन ट्रान्समीटर, एक ब्लूटूथ डबी आणि तीन केबलींवर हळूहळू घालवणारच आहात. डेकमध्ये सीडी नसली तर बिघडत नाही, उलट हलणारा भाग कमी. पण ऑक्सचं भोक पुढच्या पट्टीवर आहे ना, ते खोक्यावरचं चित्र बघून नव्हे, हातात घेऊन बघा. हल्लीच्या काही स्वस्त डेकमधून ऑक्स काढूनच टाकलंय.

बसवताना वायर कापू देऊ नका. वॅगन-आरचा कपलर बाजारात तयार मिळतो, एका बाजूला गाडीचा आणि दुसऱ्या बाजूला आयएसओ, म्हणजे डेकसाठीचा प्रमाणित जोड. रंग लक्षात ठेवा: पिवळी कायमची बारा व्होल्ट, लाल चावीवरची, काळी अर्थिंग. पिवळी-लाल उलटसुलट झाली की डेक वाजतो, पण गाडी बंद केली की घड्याळ, प्रीसेट सगळं विसरतो. स्पीकरच्या जोड्या पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येकीची काळ्या पट्ट्याची वायर निगेटिव्ह. ही निगेटिव्ह वायर बॉडीला टेकली तर आतला ॲम्प्लिफायर आयसी जाऊ शकतो. जुन्या गाड्यांत ‘एक स्पीकर अर्थला दिलाय’ अशी कामं अजून सापडतात, तेव्हा नवा डेक जोडण्यापूर्वी तेवढं तपासून घ्या.

ऑक्स जोडलं की पहिल्या दिवशी लोक एकाच कारणाने नाराज होतात: आवाज बारीक येतो. आयपॉडचा हेडफोन आउटपुट ऐंशी टक्क्यांपर्यंत वाढवा, आयपॉडमधला इक्वलायझर बंद करा, व्हॉल्यूम लिमिट लावलेलं असेल तर काढा. डेकच्या मेनूत ऑक्सची पातळी वाढवायची सोय असते, ती दोन-तीन घरं वर घ्या, नाहीतर ऑक्सवर वाढवलेला आवाज रेडिओ लावताच कानठळ्या बसवतो. बेस वाढवायचा असेल तर डेकवरून वाढवा. दोन्हीकडे वाढवलात तर पखवाज ढोलासारखा वाजेल. आयपॉडमध्ये ‘साउंड चेक’ नावाची सोय आहे, ती चालू ठेवा. साठच्या दशकातलं रेकॉर्डिंग आणि परवाचं रेकॉर्डिंग यांच्या आवाजातला फरक ती बराच भरून काढते. फक्त हा हिशेब संगणकावरच्या ॲपलच्या आयट्यून्स प्रोग्राममध्ये झालेला असावा लागतो.

अधिक चांगली वाट म्हणजे आयपॉडच्या तळाचा तीस पिनांचा कनेक्टर. त्यातून ‘लाइन आउट’ मिळतो. हेडफोनचा ॲम्प्लिफायर मध्ये येत नाही आणि पातळी ठरलेली असते, त्यामुळे आयपॉडवरचा आवाज कमी-जास्त करायचा प्रश्नच उरत नाही. लाइन आउटची केबल शोधावी लागेल, कारण ॲपलने २०१२ पासून हा कनेक्टर सोडून लायटनिंग धरला. मिळाली तर घ्या. न मिळाल्यास हेडफोनच्या भोकावर भागतं, गाडीतल्या स्पीकरवर फरक थोडाच.

केबलबद्दल एक गोष्ट जरा जवळून सांगतो, कारण तुमच्या संग्रहात ती हमखास चकवेल. ३.५ मिलिमीटरच्या पिनेचं टोक डावा चॅनल, मधली कडी उजवा आणि मागचा भाग दोघांची सामायिक अर्थिंग. ही अर्थिंग तुटली किंवा पिन पूर्ण आत गेली नाही, तर डेकपर्यंत डावा आणि उजवा यांच्यातला फरक तेवढा पोहोचतो. जे दोन्हीकडे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. गाणारा बहुतेक वेळा मधोमध असतो, त्यामुळे नव्या रेकॉर्डिंगमध्ये गायकच गायब होतो आणि मागचं संगीत पोकळ, लांबून आल्यासारखं ऐकू येतं. जुन्या मोनो रेकॉर्डिंगमध्ये तर दोन्ही बाजूंना सगळं सारखंच, म्हणजे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. लोक म्हणतात, ‘नवीन गाणी विचित्र वाजतात आणि जुनी वाजतच नाहीत, आयपॉड खराब झाला.’ आयपॉड ठीक असतो, केबल बदला. आयपॉडच्या जाड कव्हरमुळेही पिन अर्धवट बसते, तेव्हा आधी कव्हर काढून बघा.

आणि आता शिट्टी. ऑक्स जोडून, आयपॉड चार्जिंगला लावून निघालात की बहुतेक जुन्या गाड्यांत बारीक शिट्टी ऐकू येते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढते. ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राची. आयपॉडला आता दोन ठिकाणांहून अर्थिंग मिळतं: एक चार्जरमधून, दुसरं ऑक्सच्या केबलीतून डेकमार्फत. गाडीच्या बॉडीत ही दोन टोकं अगदी एकाच पातळीवर नसतात. इंजिन चालू असताना तारांमध्ये साडेतेरा-चौदा व्होल्टच्या आसपास दाब आणि त्यावर अल्टरनेटरची लहर असते. दोन टोकांतला तो किंचित फरक ऑक्सच्या अर्थिंगमधून वाहतो आणि डेक त्याला गाणं समजून मोठा करतो.

तपासणी क्रमाने करा. इंजिन बंद ठेवून फक्त चावी पहिल्या टप्प्यावर: शिट्टी नसली पाहिजे. इंजिन चालू करा, शिट्टी आली. आता चार्जरची केबल आयपॉडमधून काढा. शिट्टी गेली तर दोष दोन अर्थिंगमुळे तयार झालेल्या या फेऱ्याचा, ना आयपॉडचा ना डेकचा. चार्जर काढूनही राहिली तर ऑक्सची केबल डेकमधून काढा. तरीही शिट्टी असेल तर डेकची स्वतःची अर्थिंग ढिली किंवा गंजलेली आहे. बॉडीवरचा तो स्क्रू घासून, पत्रा उघडा करून परत आवळा. कुणी चार्जरला वेगळी अर्थिंगची वायर दिली असेल, तर ती डेकच्या अर्थिंगच्याच बिंदूवर आणा.

फेराच असेल तर बाजारात ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ मिळतो, अंगठ्याएवढा डबा, दोन्हीकडे ३.५ मिलिमीटर. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल पुढे जातो, अर्थिंग जोडलं जात नाही, शिट्टी जाते. स्वस्त आयसोलेटर मात्र खालचे स्वर थोडे पातळ करतो, तबल्याचा डग्गा ऐकून कळेल. पण तुम्हाला तो घ्यायचीच गरज पडू नये. आयपॉड क्लासिकची बॅटरी नवी असताना ॲपलच्या म्हणण्यानुसार ३६ तास गाणी वाजवायची. आता त्याच्या पाव भाग उरली असेल तरी पुणे–कोल्हापूरचे साधारण २३० किलोमीटर आरामात होतात. घरी चार्ज करा, गाडीत चार्जर लावूच नका.

यूएसबीबद्दल अनेकांचा गैरसमज असतो की डेकला यूएसबी आहे म्हणजे आयपॉड लावला की वाजणार. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही डेक आयपॉडला आयपॉड म्हणून ओळखतात, त्यांच्या खोक्यावर तसं छापलेलं असतं. मग गायक, अल्बम, प्लेलिस्ट डेकवरून निवडता येतात आणि चार्जिंगही होतं. साध्या डेकला आयपॉड दिसला तर तो पेन ड्राइव्ह म्हणून दिसतो. त्यातही आयपॉड विंडोजवर तयार केलेला असेल तरच, कारण तेव्हा त्याची डिस्क फॅट३२ या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट झालेली असते. मॅकवर केला असेल तर साध्या डेकला तो वाचताच येत नाही. वाचला तरी गंमत होते. आयपॉड गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये, एफ००, एफ०१ अशा खणांत, चार अक्षरांच्या निरर्थक नावांनी ठेवतो. डेक ती त्याच क्रमाने वाजवतो, म्हणजे भजनानंतर लावणी, लावणीनंतर ख्यालाचा अर्धा भाग.

याच लपवलेल्या फोल्डरचा तुम्हाला दुसरीकडे उपयोग आहे, आणि खरं तर डेकला हात लावण्याआधी हे करा. या आयपॉडमध्ये १.८ इंची फिरती हार्ड डिस्क आहे, मेमरी चिप नाही. ॲपलने ही क्लासिक मालिका २०१४ मध्ये थांबवली. घरगुती मैफलींची ती रेकॉर्डिंग्ज दुसरीकडे कुठे नसतील, तर गाडीचे धक्के खायला तो नेण्याआधी त्यांची प्रत काढा. आयपॉड विंडोजच्या संगणकाला जोडा. आयट्यून्स ‘सिंक’ किंवा ‘इरेज’ विचारेल तेव्हा नाही म्हणा, आणि ‘डिस्क म्हणून वापरा’ हा पर्याय निवडा. लपवलेल्या फायली दाखवायचं सेटिंग चालू करून आयपॉड-कंट्रोलमधला म्युझिक फोल्डर सगळाच्या सगळा संगणकावर उतरवून घ्या. नावं निरर्थक असली तरी गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती फायलींच्या आत असते. आयट्यून्समध्ये, फायली आपल्या लायब्ररीत उतरवून नीट लावायचं सेटिंग चालू ठेवून त्या घातल्या की ती नावं परत मिळतात. खरेदी केलेल्या गाण्यांना कॉपी रोखण्यासाठी घातल्या जाणाऱ्या कुलपाची चिंता बहुधा करायला नको. भारतात आयट्यून्स स्टोअर डिसेंबर २०१२ मध्ये आलं, तोवर ते कुलूप गाण्यांवरून निघालेलं होतं. वडिलांनी सीडीवरून चढवलेल्या गाण्यांना तर ते नव्हतंच.

ही प्रत पेन ड्राइव्हवर घालून गाडीत ठेवणं सगळ्यात निर्धोक. ३२ जीबीपर्यंतचा पेन ड्राइव्ह घ्या, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. ६४ जीबीचे बहुतेकदा एक्सफॅटमध्ये येतात आणि साधे डेक ते वाचत नाहीत. आयट्यून्समधून चढवलेली बरीच गाणी एम४ए या प्रकारच्या फायली असतात. डेक ती घेत नसेल तर एमपीथ्री करून घ्या, १९२ किंवा त्याहून जास्त बिटरेटने. पुष्कळ डेक फायली वर्णानुक्रमाने न वाजवता ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात, म्हणून एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा आणि नावाआधी ०१, ०२ असे आकडे टाका. नावं रोमन लिपीत ठेवा. देवनागरी नावांच्या जागी एका ओळीच्या पडद्यावर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं उमटतात.

ब्लूटूथचं लवकर उरकतो. आयपॉड क्लासिकला ब्लूटूथ नाही. हेडफोनच्या भोकात लावायचा छोटा ट्रान्समीटर मिळतो, पण तो जोडताना डोकेदुखी आहे. ट्रान्समीटरला पडदा नाही, त्यामुळे कुठल्या डेकला जोडायचं ते निवडता येत नाही. जवळ जो पहिला सापडेल त्याला तो चिकटतो, शेजारच्या गाडीच्या डेकलासुद्धा. डेक पिन मागत असेल तर बहुधा ०००० किंवा १२३४, पण ती ट्रान्समीटरवर टाकणार कुठे? फोनवरून गाणी वाजवायची असतील तर ब्लूटूथ उत्तम, आयपॉडसाठी तार बरी. आणि वापरलेला डेक घेत असाल तर ‘ब्लूटूथ आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका. जुन्या काही डेकमध्ये ते फक्त फोन कॉलपुरतं असतं, गाणी पाठवायची सोयच नसते. दुकानात उभं राहून गाणं वाजवून बघा.

इतर गाड्यांसाठी दोन शब्द. कॅसेटचा डेक असेल तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर एफएम ट्रान्समीटरपेक्षा कितीतरी सरस आहे. त्यातलं छोटं हेड डेकच्या हेडला टेकून थेट चुंबकीय सिग्नल देतं. हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या. ऑटो-रिव्हर्स डेक सारखी बाजू बदलत असेल तर दुसरा अडॅप्टर वापरून बघा, कारण आतल्या गिअरचं घर्षण प्रत्येकात वेगळं असतं. डेक बदलताच येत नाही अशा गाडीत, म्हणजे पहिल्या स्विफ्टसारखा डॅशबोर्डच्या आकारातच बसवलेला डेक असेल तर, तारेचा एफएम मॉड्युलेटर अँटेनाच्या पिनेत जोडून घ्यावा. तो चालू असताना बाहेरचा अँटेना तोडून टाकतो, त्यामुळे घाटातली खरखर होत नाही. काही जुने रिपेअरवाले डेक उघडून आतल्या व्हॉल्यूम आयसीच्या इनपुटला कपॅसिटरमधून तारा सोल्डर करून ऑक्स काढून देतात. ज्याला ते काम येतं तो सुंदर करतो. ज्याला येत नाही तो डेक परत देत नाही.

राहिली टचस्क्रीन. सात इंची पडद्याला सहसा दोन-डिनची, म्हणजे दुप्पट उंचीची जागा लागते, तुमच्याकडे एक-डिन आहे, म्हणजे डॅश कापणं आलं. स्वस्त अँड्रॉइड पडद्यांच्या खोक्यावर ‘ऑक्स’ लिहिलेलं असतं, पण मागे बघितलं तर कॅमेऱ्याची पिवळी आरसीए आणि लाल-पांढरी ‘एव्ही इन’, तीही वायरच्या झुपक्यात कुठेतरी. चावी फिरवल्यावर पडदा जागा व्हायला वेळ लागतो तो वेगळाच. दोन-तीन वर्षांसाठी या गाडीवर एवढा खर्च करू नका. दुकानदाराने आग्रह केला तर आयपॉड सोबत न्या, केबल लावून त्याच्या काउंटरवर वाजवून दाखवायला सांगा, आणि वाजला तरच पुढचं बोला.

वापराबाबत इतकंच, की गाडी चालवताना आयपॉडचं चाक फिरवायचं नाही. निघण्याआधी सातारा, कराड, कोल्हापूर अशा टप्प्यांच्या प्लेलिस्ट करून ठेवा आणि आयपॉड ग्लोव्ह बॉक्समध्ये, रुमालात गुंडाळून. पेठ नाक्यावर चहाला थांबलात तर उन्हात गाडीत ठेवून जाऊ नका, डॅशबोर्डवर तर मुळीच नाही. ॲपलने त्याची चालू असतानाची मर्यादा ३५ अंश दिलीय आणि नुसता ठेवण्याची ४५ अंश. मे महिन्यात बंद काचांच्या गाडीत पारा त्याच्या कितीतरी पुढे जातो.